मदत हवी आहे: गावात सांधेदुखीची घरोघर पाहणी करायची आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बार्शी तालुक्यात आहे. ज्वारीची काढणी उरकली की गावातली आम्ही काही मुलं घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी करणार आहोत. आमच्यात डॉक्टर कुणी नाही, म्हणून इथल्या जाणकारांकडे आलो आहे.

हे डोक्यात आलं मावशीमुळे. सकाळी उठल्यावर तिची मूठ वळायची नाही. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजलेली, भाकरी थापायची तर उन्हं वर यायची वाट बघायला लागायची. सगळे म्हणाले, वात आहे, खुरपून खुरपून झालाय. सुई घेतली की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मधल्या काळात कुणीतरी पुड्या आणून दिल्या, त्यात काय होतं देव जाणे. तज्ज्ञांनी आमवात (इंग्रजीत रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) म्हणून निदान केलं तोवर बोटं वाकली होती. हा आजार सुरुवातीच्या काही महिन्यांतच ओळखून औषध चालू केलं तर सांधे वाचतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग वाचत गेलो. आपल्याच पुणे जिल्ह्यात, भिगवणला, १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने अशी पाहणी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या सांधेदुखीच्या पाहण्यांच्या कार्यक्रमातली. प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक प्रश्नावली घेऊन दारोदार गेले, दुखणं सांगणाऱ्यांना मग डॉक्टरांनी तपासलं. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, हाडं-सांधे-स्नायूंचा त्रास निघाला. कष्टाच्या माणसाला सांधेदुखी होत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. यातला आमवात साधारण अर्धा टक्का. बाकी गुडघ्यांची झीज, पाठ-मान-खांद्याची दुखणी वगैरे.

आमच्या गावात प्रौढ माणसं तीन हजारांच्या आसपास. भिगवणचं प्रमाण धरलं तर पाचशेच्या वर लोकांना काही ना काही दुखतंय, आणि त्यात पंधराएक आमवाताचे असू शकतात. बहुतेक बायकाच असणार, कारण हा आजार त्यांच्यात जास्त. त्या पंधराजणी पाचशेंतून वेगळ्या कशा काढायच्या, हा माझा मुख्य प्रश्न आहे. आज सगळ्यांना एकच नाव आहे, वात, आणि सगळ्यांना एकच सुई.

मला सुचलेले प्रश्न असे: सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकतो का? बोटं, मनगटं यांसारखे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात का? सहा आठवड्यांहून जास्त दिवस झाले का? आधी ताप येऊन गेला होता का? शेवटचा प्रश्न चिकुनगुन्यासाठी. बार्शीत १९७३ ला त्याची मोठी साथ आली होती, २००६ ला तो राज्यात पुन्हा पसरला, आणि त्याची सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळते. यात काय राहिलं, काय चुकीचं आहे, ते सांगा. भिगवणच्या पाहणीतली मराठी प्रश्नावली कुणाकडे असेल तर फारच बरं होईल.

दुसरी काळजी पाहणीनंतरची. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवात ओळखायला मदत करणाऱ्या रक्ततपासण्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होतात का? आमवाताचं औषध महात्मा फुले योजनेत बसतं का, की भरती झाल्याशिवाय काहीच मिळत नाही? मेथोट्रेक्सेट ही आमवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. वाचता न येणाऱ्या आजीला हे कसं समजावायचं? मावशीच्या गोळीसाठी आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात बाजारच्या दिवसावर लाल खूण करतो, पण जिच्या घरात बघायला कुणी नाही तिचं काय? शिवाय अधूनमधून रक्त तपासायला कुठे पाठवायचं?

आणि जे आधीपासून स्टेरॉइडवर (सूज दाबणाऱ्या औषधावर) आहेत, त्यांना 'बंद करा' असं आम्ही सांगणं धोक्याचं ना? एकदम थांबवलं तर त्रास होतो असं मावशीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

आशाताई यायला तयार आहेत, सरपंचांनी शाळेची खोली देऊ केली आहे. सोलापूर किंवा पुण्याचे संधिवाततज्ज्ञ एक दिवस गावात येऊ शकतील का? कुणाची ओळख असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जाण्या-येण्याचा खर्च आम्ही वर्गणीतून करू.