भावाशी बोलणं बंद असताना प्रभुभोजन घ्यावं का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांना सलाम. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) आमच्याकडं दर बुधवारी घरसभा असते, पाच-सहा कुटुंबं जमतात. पुढच्या सभेत मत्तय ५:२३-२४ वर वीस मिनिटं बोलायचं आहे. अर्पण वेदीपुढं ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण आपल्या भागात शेताचा बांध, घराची भिंत, वाटणी यांवरून सख्ख्या भावांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद असतं. यातले काही जण प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी येतच नाहीत, काही येतात पण जागेवरून उठत नाहीत.

"प्रेम करा, क्षमा करा" एवढंच सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसंच. म्हणून नेमकं विचारतो. राग मनात असताना प्रभुभोजन घ्यावं की टाळावं? समेट करायचा म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडायचा का? आणि जाऊन बोलायचं काय? करता येईल असं काही सांगा.

कॅम्पातला वाचक (बेळगाव)

सलाम. आधी ते वचन शब्दाशब्दानं वाचून घ्या, कारण बहुतेक जण ते उलटं वाचतात. "तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर" असं तिथं नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं तर, असं आहे. म्हणजे पहिलं पाऊल दुखावलेल्यानं नाही, ज्याच्यामुळं दुसरा दुखावला त्यानं टाकायचं. आता शेजारी मार्क ११:२५ ठेवा. प्रार्थनेला उभे असताना तुमच्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर त्याला क्षमा करा, असं तिथं आहे. दोन्ही वचनं एकत्र वाचली की "आधी त्यानं यावं" म्हणायला जागाच उरत नाही. सभेत ही दोन वचनं दोन वेगळ्या माणसांकडून मोठ्यानं वाचून घ्या.

दुसरं, अंतर लक्षात आणून द्या. येशू हे गालीलातल्या लोकांना सांगतो आहे आणि अर्पणाची वेदी आहे यरुशलेमात, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बेळगावहून चालत कोल्हापूर गाठायचं आणि वर आणखी थोडं पुढं जायचं, एवढी वाट. तीन-चार दिवस चालत गेलेल्या माणसाला तो म्हणतो, जनावर तिथंच ठेव, परत गावी जा, भावाशी समेट कर, मग पुन्हा ये. आपल्याकडं भाऊ बहुतेक वेळा दोन गल्ल्या सोडून राहतो.

आता प्रभुभोजनाचं. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या, १ करिंथ ११ मधल्या "अयोग्य रीतीनं" या शब्दाला भिऊन माणसं दूर राहतात. पण वचन २८ नीट बघा: माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, प्यावं. परीक्षा करून घरी बसावं असं पौल म्हणत नाही. तो रागावला आहे ते वचन २१ मधल्या प्रकारावर, काही जण आधीच खाऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. अयोग्यपण होतं ते भावंडांना वागवण्यात, आणि दूर राहिल्यानं ते वागणं बदलत नाही. मेथडिस्ट उपासनेत प्रभुभोजनाचं आमंत्रण पश्चात्ताप करणाऱ्यांना आणि शेजाऱ्याशी प्रेमानं राहणाऱ्यांना असतं. कॅथलिक मिस्सात (उपासनेत) "आमच्या स्वर्गीय बापा" नंतर आणि कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, आधी शांतीची खूण देतात ती याचसाठी. गंभीर पाप असेल तर तिथं आधी पापनिवेदन करायचं असतं, त्यात फादरांचं ऐकावं. पण चर्च कोणतंही असो, टाळत राहणं हा मुक्काम होऊ देऊ नये. या आठवड्यात जायचं आणि येत्या रविवारी मेजाशी यायचं, अशी तारीखच धरावी.

तुम्ही गेलात आणि त्यानं दार लावून घेतलं, तर? रोमकरांस १२:१८ मध्ये "शक्य असेल तर" आणि "तुमच्याकडून होईल तितकं" असे दोन्ही शब्द आहेत. तुमच्याकडून झालं असेल तर मेजाशी या.

निपाणीकर

जाऊन बोलायचं काय, याबद्दल. गाडी अडते ती बहुतेक वेळा दोन शब्दांवर, "जर" आणि "पण".

"काही चुकलं असेल तर माफ कर" यात चूक कबूलच केलेली नसते, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. "चुकलं माझं, पण तू पण त्या दिवशी..." इथं पहिलं अर्धं वाक्य पुसून जातं. त्यापेक्षा कृतीचं नाव घ्यावं: "मागच्या दोन हंगामांत ट्रॅक्टर मी बांधाला लावून नेला. बांध कोरला गेला आणि तुझी फूटभर जमीन माझ्या बाजूला आली. चूक माझी." मग त्याचा त्याला काय त्रास झाला ते म्हणावं. मग भरपाई काय करणार ते सांगावं आणि थांबावं. त्याच बैठकीत "मग आता माफ केलंस ना?" असं विचारू नये. क्षमा ही त्याची गोष्ट आहे, तिला वेळ लागतो.

भरपाईवर सभेत थोडं जास्त बोला, कारण हा भाग गाळला जातो. गणना ५:७ मध्ये पाप कबूल करून पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे. दहा हजार घेऊन बुडवले असतील तर बारा हजार. लेवीय ६ मध्येही हाच पाचवा हिस्सा आहे, आणि तो दोषार्पणाच्या दिवशीच ज्याचा त्याला द्यायचा आहे. जकातदार जक्कयानं तर लूक १९:८ मध्ये चौपट देऊ केलं. निर्गम २२:१ मध्ये चोरून विकलेल्या मेंढराला चार मेंढरं ठरवलेली होती, तो हिशेब त्यानं स्वतःहून स्वतःला लावला.

बांधाचाही हिशेब करून दाखवा. ३३० फूट लांबीचा बांध एक फूट सरकला की ३३० चौरस फूट गेले. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे तीन फूट आणि वर चार बोटं बांध सरकला की भावाचा आख्खा गुंठा गेला. दर नांगरटीला वीतभर म्हणत म्हणत हे कधी होतं ते कळतही नाही. शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्याला अनुवाद २७:१७ मध्ये सगळ्या लोकांसमोर शाप आहे, आणि तो मूर्तिपूजेच्या शापापासून दोनच वचनं पुढं आहे. शेतकऱ्यांच्या सभेत हे वचन जरूर वाचावं, फार कमी ऐकू येतं.

हलशीकडचा

वरचं सगळं मान्य. पण हक्क सोडायचा का, या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

क्षमा करणं आणि नुकसान नव्हतंच म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत्तय १८ मधला दाखला आकड्यांसकट सांगा. एका चाकराला दहा हजार तालांत माफ झाले. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. त्यानं सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिनारांसाठी. इथं बरेच प्रचारक "शंभर दिनार म्हणजे किरकोळ" म्हणतात, तिथं ते चुकतात. शंभर दिवसांची मजुरी किरकोळ नसते, आजच्या मजुराला विचारा. येशूनं भावाचं देणं खरं धरलं आहे, आणि तरीही सोडायला सांगितलं आहे. ज्याचं खरंच नुकसान झालंय त्याला "एवढं काय त्यात" म्हणू नका, तो तिथंच उठून जाईल.

आता बांध. राग सोडायला मोजणी होईपर्यंत थांबावं लागत नाही, आणि राग सोडला म्हणून मोजणी करू नये असंही नाही. इफिस ४:२६ मध्ये सूर्य मावळायच्या आत सोडायचा आहे तो राग. वाद मिटायला सहा महिने लागू देत. पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) क्षेत्र कळतं, हद्द कळत नाही. त्यासाठी मोजणीचा अर्ज करावा लागतो, इथं हद्दुबस्त म्हणतात तो, नाडकचेरीत (जवळच्या महसूल कार्यालयात) चौकशी करा. अर्ज एकानं गुपचूप करू नये. दोघांनी ठरवून करावा, फी निम्मी निम्मी, सर्वेअर येईल त्या दिवशी दोघं हजर, आणि दगड दोघांच्या डोळ्यांदेखत रोवून घ्यावेत. उपवासकाळ त्याला बराही पडतो. भात निघालेलं असतं, रान मोकळं असतं, बांध उघडा दिसतो. मधल्या काळात सलाम, लग्नकार्य, आजारपणात जाणं-येणं थांबवायचं नाही.

कुणीतरी १ करिंथ ६ काढेल, "त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही" हे वचन ७. ते वचन माणसानं स्वतःला सांगायचं असतं. ज्याच्या ताब्यात दुसऱ्याची जमीन आहे त्यानं ते दुसऱ्याला ऐकवू नये. पुढच्याच वचनात पौल अन्याय करणाऱ्यांकडं वळतो, तेही वाचा.

आक्का (चिकोडी)

भावाभावांचंच चाललंय म्हणून बहिणींचं लिहिते. वाटणीत ज्यांच्या मनात खरोखर काही असतं त्या पुष्कळदा बहिणी असतात, आणि त्या बोलत नाहीत कारण माहेर तुटेल अशी भीती असते. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मागं आईला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी भेद न करता सगळ्या मुलांना सारखे. दोन भाऊ, एक बहीण आणि आई असतील तर आईचे तीन भाग, आणि तिघा भावंडांचे दोन-दोन, असे नऊ भाग. "आमच्यात मुलींना देत नाहीत" हा रिवाज असेल, कायदा नव्हे. हक्कसोडावर सही घेताना तिला हा हिशेब आधी सांगितला होता का, हे भावांनी स्वतःला विचारावं. सांगितला नसेल तर मत्तय ५:२३ त्यांच्यासाठी आहे. तिनं समजून-उमजून सोडला असेल तर तो तिचा मोठेपणा, त्याबद्दल निदान एकदा तोंडानं आभार मानावेत.

आणि एक गोष्ट सभेत स्पष्ट बोला. घरात मारहाण होत असेल तर त्या बाईला "जा, समेट कर" असं म्हणू नये. हे वचन मारणाऱ्याला उठवण्यासाठी आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, १८१ किंवा ११२ हे नंबर तिच्याकडं हवेत, आणि सोबत चालणारी दोन माणसं हवीत. क्षमेचं पुढं, तिच्या वेगानं. घरसभेत अशी बाई बसलेली असू शकते आणि तुम्हाला ते माहीतही नसतं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आक्का, बहिणींचा मुद्दा माझ्या टिपणात नव्हताच. घेतो. आता शेवटचं एक. जाणाऱ्यानं कधी जावं, बरोबर कुणाला न्यावं?

निपाणीकर

पहिल्यांदा एकट्यानं. मत्तय १८:१५ भावानं अपराध केला असेल तेव्हासाठी आहे, पण त्यातला क्रम इथंही उपयोगी पडतो: आधी दोघंच, मग एक-दोन जण, मग मंडळी. लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात किंवा पाळकांना घेऊन थेट दारात जातात. समोरच्याला ती पंचायत वाटते आणि तो आधी वकिलासारखा बोलतो. दुसऱ्या पायरीला माणूस निवडताना दोन्ही घरांत जेवलेला निवडा. जावयाला किंवा व्याह्याला नेऊ नका, त्याला कायमचं एका बाजूचं समजलं जातं.

वेळ: संध्याकाळची, जनावरांचं आटोपल्यावर, जेवणाच्या आधी. रविवारी चर्चच्या आवारात नको, चार माणसं बघत असतात. नाताळ-ईस्टरला नको, पाहुण्यांपुढं नाही म्हणता येत नाही आणि मग तो मनातून आणखी चिडतो. दारू घेतलेली दिसली तर सलाम करून परत या, दुसऱ्या दिवशी जा. कागद नेऊ नका, पहाणी तर मुळीच नको. दहा मिनिटांत उठायचं. तो जुनं सगळं उकरून बोलला तर मध्ये तोडू नका, याकोब १:१९ मधलं ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश ते इथंच लागतं. त्यातलं एखादं खरं असेल तर तेवढं "हो, ते माझ्याकडून झालं" म्हणा. पाणी पुढं आलं तर नको म्हणू नका, बसून प्या. नाही आलं तरी निघताना वहिनींना, पोरांना नावानं हाक मारून सलाम करा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा.