एच की एक्स?
व्ही-८ इंजिनात (आठ सिलिंडर, दोन बाजूंना चार-चार) दोन्ही बाजूंचे धुराचे पाइप एकमेकांना जोडायचे दोन प्रकार: एच-पाइपमध्ये मध्ये आडवा जोड असतो, एक्स-पाइपमध्ये दोन्ही पाइप फुलीसारखे एकत्र येतात. ‘डोळे झाकून एक्स-पाइप घ्या, ताकद वाढते’ असं काही जण म्हणतात, ते अर्धंच पटलं. रस्त्यावरच्या जुन्या व्ही-८ मध्ये फरक आधी कळतो तो आवाजात. शेवरलेच्या जुन्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ ची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बघा: १-८-४-३-६-५-७-२. ८-४ एका बाजूला लागोपाठ पेटतात, ५-७ दुसऱ्या. ती ओळखीची गडगड त्यातूनच येते. एच-पाइप दोन्हीकडचा दाब सारखा करतो, पण गडगड राखतो. एक्सने आवाज सपाट आणि चढा होतो. मसल कारला (मोठ्या इंजिनाच्या ताकदवान अमेरिकन गाडीला) तो शोभत नाही, निदान माझ्या कानांना.

जोड कुठे द्यायचा? पाइपांवर रंगाचा पट्टा ओढून इंजिन चालवा. रंग जळायचा थांबतो, साधारण तिथे. वेल्डिंगऐवजी क्लॅम्प लावा, नाहीतर गिअरबॉक्स उतरवताना पाइप कापावा लागेल.