डोंगरातली वादळी हवा आणि कॅमेरा: काय घेऊ?

धुकेकर: पुढच्या महिन्यात डोंगरात मुक्काम आहे. तिथे ऊन, गारा, पुन्हा ऊन असं तासाभरात होतं. बॉडी जुनी, वेदर सीलिंग (पाणी-धूळ अडवणारी बंदिस्ती) नाही. नवी बॉडी किंवा लेन्स घेणार नाही. एखादी स्वस्त वस्तू सुचवा.

रानभूल: सील्ड बॉडी घ्या. माझी मुसळधार पावसात गळ्यात लटकत असते.

धुकेकर: अहो, बॉडी नको म्हटलंय वर.

काचबिंदू: नुसती बॉडी सील्ड असून काय? लेन्स सील्ड नसेल तर ती जिथे बसते त्या माउंटातून पाणी शिरू शकतं. माझी झूम लांब केली की ओलसर हवा आत ओढायची, आता काचेवर बुरशी आहे. रेनकव्हर घ्या. मायक्रोफायबरची फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, एक तर भिजणारच.

तिपाई: ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे वर गडद, खाली पारदर्शक फिल्टर. आकाश जळत नाही, पांढरंफटक होत नाही.

कडेलोट: शिखरं काळी पडतात त्याचं काय? क्षितिज सपाट असेल तिथे ठीक. ब्रॅकेटिंग करा, कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम काढून जोडा.

तिपाई: पळत्या ढगांच्या तीन फ्रेम जुळवून दाखवाच.

कडेलोट: मग रॉची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलची) एकच फ्रेम, हायलाइट म्हणजे उजळ भाग सांभाळून. सावलीतलं थोडंफार वर काढता येतं, जळलेला ढग नाही.

रानभूल: माझ्या बॉडीची डायनॅमिक रेंज (एकाच फोटोत उजेड-काळोख दोन्ही टिपायची क्षमता) बघता हा वादच उरत नाही.

पायवाट: रेनकव्हर घ्या.

काचबिंदू: तेच लिहिलंय की वर!

गडगडाट: वस्तू राहू द्या. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर धारेवरून उतरा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जाऊ नका. एकट्या झाडाखालीही थांबू नका. आणि थंडीतून उबेत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करा. दव पिशवीवर धरू दे, लेन्सवर नको.

धुकेकर: आभार. पोलरायझर फिल्टर मागवला.

तिपाई: तो कोणी सुचवला?!

धुकेकर: कोणीच नाही. पावसात कॅमेरा बॅगेतच राहणार. सर ओसरल्यावर ओल्या खडकांवरची चकाकी मारायची आहे, ते काम रॉमध्ये नंतर होत नाही.

कडेलोट: इंद्रधनुष्य दिसलं तर फिल्टर फिरवून बघा, एका कोनात ते जवळपास पुसलं जातं. आणि अख्खी कमान हवी तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण १८ मिमीची लेन्स लागेल.

रानभूल: ठरवलंच होतं तर धागा कशाला काढला?

काचबिंदू: बॅगेला तरी रेनकव्हर आहे ना?