डेबियन १२: हेडफोन वाजतो, मागचे स्पीकर गप्प

रातकिडा:
परवापासून डेस्कटॉपचा आवाज गेलाय. डेबियन १२ (लिनक्स), ग्नोम डेस्कटॉप, मदरबोर्डवरचंच साउंड कार्ड, मागच्या हिरव्या जॅकला स्पीकर. आवाजाची पट्टी १०० वर, म्यूट नाही. व्हिडिओत माणसं तोंड हलवतायत आणि स्पीकर ढिम्म. तेच स्पीकर मोबाइलला जोडले तर खणखणीत वाजतात. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला (जरा दाबून बसवावा लागला) तर तिथेही स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे कार्ड मेलेलं नाही.

एका जुन्या लेखात वाचून पल्सऑडिओ (आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करायला गेलो, तर अशी सर्व्हिसच नाही म्हणे. मग तेच सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून केलं. हसू नका, रात्रीचा दीड वाजला होता. लेखातली पुढची पायरी होती 'पल्सऑडिओ पूर्ण काढून पुन्हा टाका'. तिथे मात्र हात आखडला. मी काहीच बदललेलं नाही, अपडेटसुद्धा महिनाभर केलेलं नाही.

तिरपी_रेघ:
हात आखडला ते बरं झालं. डेबियन १२ च्या ग्नोममध्ये आवाजाचं काम पल्सऑडिओ नव्हे, पाइपवायर बघतो. टर्मिनलमध्ये 'पॅक्टल इन्फो' चालवा, सर्व्हरच्या नावात आधी पल्सऑडिओ दिसेल आणि शेजारी 'ऑन पाइपवायर'. जुनी अ‍ॅप्स अडू नयेत म्हणून तो पल्सचा मुखवटा लावून बसतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२१ मध्ये, ३४ व्या आवृत्तीपासून, आणि उबुंटूने २२.१० पासून हाच बदल केला. त्यामुळे त्याआधीचे लेख वाचताना जपून.

या सर्व्हिस तुमच्या युजरच्या असतात, त्यांना सुडोने हात लावायचा नाही. सिस्टिमसीटीएलला (सर्व्हिस चालू-बंद करणारी कमांड) 'युजर' पर्याय देऊन पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर तिन्ही रीस्टार्ट करा. तरीही शांतताच असेल तर माझी पैज एचडीएमआयवर, म्हणजे मॉनिटरच्या केबलवर. मॉनिटरला स्पीकर असो नसो, आवाज बऱ्याचदा तिकडे पळतो. पावुकंट्रोल (आवाजाची सेटिंग दाखवणारा प्रोग्रॅम) टाका आणि गाणं लावून बघा, कुठल्या आउटपुटची पट्टी नाचते.

रातकिडा:
तिन्ही रीस्टार्ट केल्या, फरक शून्य. एचडीएमआय नाही, अ‍ॅनालॉग स्टिरिओचीच पट्टी नाचतेय. तिथे पोर्टच्या यादीत 'हेडफोन्स' निवडलेलं होतं. मी हाताने 'लाइन आउट' केलं. तरी स्पीकर मौनात.

घाई_आहे:
जुन्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) बूट करून बघा, माझा आवाज तसाच परत आला होता. नाहीतर सरळ रीइन्स्टॉल, अर्ध्या तासाचं काम.

जुनी_खोड:
रीइन्स्टॉल कशाला? पट्टी नाचतेय म्हणजे पाणी टाकीत आहे, तोटी बंद आहे. आणि कर्नलवर संशय घ्यायचा तर महिनाभर तोच कर्नल वाजत कसा होता?

टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (थेट कार्डाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा. उघडल्यावर एकच खांब दिसला तर तो पाइपवायरचा, त्यावर जाऊ नका. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा, मग खांबांची अख्खी रांग येईल. ज्याच्या पायाशी 'एमएम' तो बंद. त्यावर जाऊन 'एम' दाबलं की तिथे '००' येतं. हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही उजवा बाण दाबत शेवटाकडे जा, तिथे 'ऑटो-म्यूट मोड' सापडेल. ते एनेबल्ड असलं की पुढे हेडफोन लागल्याचं कार्डाला कळताच मागचा लाइन आउट गप्प केला जातो. हे खाली ड्रायव्हरपाशी घडतं, म्हणून तुम्ही वर पोर्ट बदलून काही झालं नाही.

खालचा बाण दाबून ते डिसेबल्ड करा. शिवाय पावुकंट्रोल समोर ठेवून हेडफोन उपसून काढा आणि मला सांगा, 'हेडफोन्स'पुढचं 'प्लग्ड इन' बदलतं का?

रातकिडा:
आला आवाज!! इतका मोठा की मी दचकलो, पट्टी १०० वरच होती ना. आणि नाही, बदलत नाही. हेडफोन काढून खुंटीला टांगलाय, तरी 'प्लग्ड इन'च.

जुनी_खोड:
मग तुमचा जॅक खोटं बोलतोय. आत एक बारीक पत्ती असते. पिन शिरली की ती ढकलली जाते आणि त्यावरून कार्डाला कळतं. ती अडकली असणार. दुसरी शक्यता केबलची: जुन्या कॅबिनेटमध्ये पुढच्या पॅनेलच्या केबलला दोन टोकं असतात, एक एचडी ऑडिओचं, दुसरं एसी ९७ या जुन्या पद्धतीचं. चुकून एसी ९७ चं लागलं तर जॅक भरलाय की रिकामा हे बोर्डाला समजतच नाही. खरं सांगा, कॅबिनेट उघडलं होतंत?

रातकिडा:
उघडलं होतं. रविवारी धूळ काढली. 'काहीच बदललेलं नाही' म्हणताना ते मी धरलंच नाही, डोक्यात फक्त सॉफ्टवेअर होतं.

केबल तपासली, टोक एचडी ऑडिओचंच आहे. मग जॅकमध्ये टॉर्च मारला तर तळाशी काहीतरी पांढुरकं. रविवारी मी सगळे जॅक कान कोरायच्या कापसाच्या काडीने पुसले होते. त्यातल्या एका काडीचा कापूस आतच राहिला, आणि वरून हेडफोन दाबून मीच तो आणखी ठासला. मशीन बंद करून, वायर काढून चिमट्याने ओढला. दोन तुकड्यांत आला, दुसऱ्याला दहा मिनिटं लागली.

आता हेडफोन काढला की लगेच 'अनप्लग्ड' दिसतं. ऑटो-म्यूट परत एनेबल्ड केलंय, नाहीतर रात्री हेडफोन लावूनही स्पीकर घरभर ओरडतील. आणि @घाई_आहे, रीइन्स्टॉल करून कापूस निघाला नसता हो.

जुनी_खोड:
सुडोने 'अल्साकटीएल स्टोअर' तेवढं चालवून ठेवा, म्हणजे आत्ताची सेटिंग रीबूटनंतरही राहील. या एका कामाला सुडो चालतो.