शब्दचर्चा: 'रिलीज-चेंज वॉर्निंग'ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरी : डेबियन (लिनक्सवरची एक मुक्त संगणकप्रणाली) वापरणाऱ्यांसाठी मराठी मदतपत्रक लिहितोय. सॉफ्टवेअर जिथून उतरतं त्या भांडाराच्या माहितीतला एखादा रकाना बदलला की अपडेट करताना 'रिलीज-चेंज वॉर्निंग' येते, तिच्यासाठी 'आवृत्तीबदलाचा इशारा' योजलाय. चालेल? आणि त्यातल्या 'सूट' या, आवृत्तीचा दर्जा सांगणाऱ्या रकान्याचं काय करायचं? वाचणाऱ्याला दुकानातली सूट आठवते.

देवगड : 'इशारा' नको. ॲप्ट या पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामच्या ओळीचं पहिलं अक्षर बघा. 'एन' म्हणजे नोंद, 'डब्ल्यू' इशारा, 'ई' चूक. रकाना बदलल्याची ओळ 'एन'ने आली तर काम पुढे जातं. 'ई'ने आली तर त्या भांडाराची यादी जुनीच राहते, म्हणजे सुरक्षेचे अपडेटही अडकतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तो इशारा. तो बघूनही होडी काढणारे काढतात. इथे होडी बांधूनच ठेवलेली असते. मी 'अडसर' म्हणेन. दाराचा अडसर आतल्या माणसानेच काढायचा, तसंच हे.

मालवण : 'बावटो लागलो' इतकंच म्हटलं तरी आमच्याकडे कळतं, पण अडसर जास्त नेमका. 'सूट'ला मात्र 'पद' म्हणा आणि 'कोडनेम'ला, म्हणजे आवृत्तीच्या टोपणनावाला, 'नाव'. 'स्टेबल' (चालू स्थिर आवृत्ती) हे सरपंचपदासारखं आहे: माणूस बदलतो, पद राहतं. १० जून २०२३ ला डेबियन १२ म्हणजे 'बुकवर्म' त्या पदावर बसला, ९ ऑगस्ट २०२५ ला 'ट्रिक्सी' आला आणि बुकवर्म 'ओल्डस्टेबल' झाला. त्याला 'जुनी स्थिर' कशाला, 'माजी स्थिर' म्हणा.

रत्नागिरी : 'माजी' घेतला! मग पत्रकात 'विचारलं की वाय (हो) दाबा' एवढं पुरेल ना?

देवगड : तेवढं नकोच लिहू. आधी सोर्सेस-लिस्टमध्ये (भांडारांच्या पत्त्यांच्या यादीत) काय आहे ते बघायला सांगा. तिथे 'बुकवर्म' हे नाव असेल तर बदलतं ते फक्त पद. ते बिनधोक, आताचं ॲप्ट नुसती नोंद देऊन पुढे जातं. २०२१ मध्ये 'बस्टर' (डेबियन १०) माजी झाला तेव्हा मात्र पुष्कळ जण अडकले. पदबदल आपोआप मान्य करणारं ॲप्ट बस्टरमध्ये १०.१० ला, जून २०२१ मध्ये आलं होतं. त्याआधीपासून ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्यापुढे 'ई' उभा राहिला.

यादीत 'स्टेबल' हे पदच लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बदलतं ते नाव, बुकवर्मचं ट्रिक्सी. 'वाय' दाबून पुढे अपग्रेड चालवलं की अख्खी प्रणाली नव्या आवृत्तीकडे निघाली. ते नको असेल तर 'एन' (नाही) दाबा, यादीत 'स्टेबल'च्या जागी 'बुकवर्म' घाला आणि पुन्हा अपडेट करा.

अलिबाग : एक भर. 'ॲप्ट' वाय की एन विचारतं, नुसतं एंटर दाबलं तर 'नाही' धरतं. 'ॲप्ट-गेट' विचारत नाही, थांबतं. म्हणून रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालणारं काम गुपचूप बंद पडतं. पदबदलावर थांबणारं जुनं ॲप्ट असेल तिथे 'ॲप्ट-गेट अपडेट'पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'अलाऊ-रिलीजइन्फो-चेंज-सूट' लावा (टंकायचं रोमनमध्येच). शेवटचं 'सूट' गाळलंत तर सगळेच रकाने मोकळे होतात.

मालवण : 'ओरिजिन' आणि 'लेबल' या रकान्यांनाही शब्द हवेत. मी 'मूळ' आणि 'चिठ्ठी' म्हणतो. बाहेरच्या भांडारांत लेबल अधूनमधून बदलतं. पिनिंगचे नियम (कुठल्या भांडारातलं पॅकेज आधी घ्यायचं ते) किंवा अनअटेंडेड-अपग्रेड (आपोआप होणारे अपडेट) त्यावर बेतलेले असतील तर चिठ्ठी बदलली की ते लागू होणं थांबतं, आणि बोंब कुणीच मारत नाही. संमती देण्याआधी पिनिंगच्या नियमांची प्रेफरन्सेसची फाइल उघडून बघावी.

देवगड : आणि संमतीनंतर लगेच अपग्रेड नको. आधी 'ॲप्ट' पुढे 'एस'चा पर्याय लावून 'फुल-अपग्रेड'ची रंगीत तालीम करा. पंधरा-वीस पॅकेजं दिसली तर ठीक, शेकड्यांनी दिसली तर नाव बदललंय, पद नव्हे.

रत्नागिरी : मग शीर्षक 'आवृत्तीबदलाचा अडसर', रकाने 'पद', 'नाव', 'मूळ', 'चिठ्ठी'. 'व्हर्जन'ला 'क्रमांक' करतो, १२.११ चं १२.१२ झालं की नुसती नोंद येते, तिला अडसर म्हणायला नको.