इफला ‘तर’ म्हणायचं की ‘की’ म्हणायचं?

फळा_खडू:
जाणकारांना एक विचारायचंय, जरा सविस्तर लिहिते. मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात गणित शिकवते, आणि केअर्स या गोवा सरकारच्या शालेय कोडिंग-रोबोटिक्स योजनेतलं सहावी ते आठवीचं कोडिंगही माझ्याचकडे आहे. मुलं स्क्रॅचवर शिकतात, ते रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात ना, ते. गेल्या आठवड्यात सातवीला इफ, म्हणजे अट तपासणारा ठोकळा, शिकवलं. चेंडू पडद्यावर फिरतोय, काठाला लागला की त्याचा रंग बदलायचा, एवढंच काम. एका मुलाने चेंडू फिरवायचे ठोकळे बरोबर लावले आणि बाजूला दुसऱ्या हिरव्या झेंड्याखाली इफचा ठोकळा ठेवला, त्यात ‘काठाला टेकलाय का’ ही अट, आणि पोटात रंग बदलायचा ठोकळा. फक्त तो इफ फॉरेव्हरच्या, म्हणजे आतलं काम परत परत करत राहणाऱ्या ठोकळ्याच्या, आत नव्हता. झेंडा दाबला, चेंडू काठावर आपटतोय, आपटतोय, रंग काही बदलेना. मी म्हटलं, अरे इफ एकदाच बघतो, तू झेंडा दाबलास तेव्हा चेंडू मधोमध होता, उत्तर ‘नाही’ आलं आणि विषय संपला. तर तो म्हणतो, “टीचर, पण तुम्हीच सांगितलं ना, काठाला लागला की रंग बदल.”

मी गप्पच झाले, कारण मी तसंच म्हटलं होतं. ‘लागला की’ म्हणजे जेव्हा केव्हा लागेल तेव्हा, हे त्याने अगदी बरोबर ऐकलं होतं. स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई म्हणाल्या, ‘की’ काय आणि ‘तर’ काय, दोन्ही संकेतबोधक अव्ययंच, फरक नाही. मला पटलं नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि फळ्यावर लिहायला इफचं एक नेमकं मराठी वाक्य हवंय.

सत्तरीचो:
तुमचा विद्यार्थी शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे सकाळी आई सांगायची, “पोदेर आला की चार उंडे घे.” पोदेर म्हणजे आमचा पाववाला, उंडे म्हणजे पाव. म्हणजे मी पायरीवर बसून कान देऊन राहायचं, सायकलचा पोंपों वाजला की धावायचं. हे ‘की’ म्हणजे पहारा आहे. ‘तर’ म्हणजे पहारा नाही, एकदा बघायचं आणि मोकळं व्हायचं. इफला तरच म्हणा.

मांडवी_काठ:
@सत्तरीचो, अर्धं पटलं. “पोदेर आला तर चार उंडे घे” असं आईने सांगितलं असतं तरी तुम्ही पायरीवर बसलाच असता ना? पहारा दोन्हीत आहे. फरक एवढाच की ‘की’मध्ये पोदेर येणार हे ठरलेलं आहे आणि ‘तर’मध्ये येईल न येईल. म्हणजे ‘तर’ वापरूनही त्या मुलाचा घोटाळा झालाच असता.

मी गेली बरीच वर्षं प्रोग्रामिंग करतो, नवीन मुलांना शिकवतोही, आणि मला वाटतं गोची अव्ययात नाही, क्रियापदात आहे. ‘आला तर’, ‘लागला तर’ ही घटना झाली, पुढे कधीतरी घडायची. इफला घटना कळत नाही, त्याला फक्त आत्ताची अवस्था कळते. त्यासाठी आपल्याकडे सरळ रूप आहे, ‘आला असेल तर’, ‘टेकलेला असेल तर’. “बघ जरा, पोदेर आला असेल तर चार उंडे घे.” आता मूल दारापर्यंत जाईल, बघेल, नसेल तर परत येऊन झोपेल. हाच इफ! आणि दर मिनिटाला दारात जाऊन बघ म्हटलं की झाला फॉरेव्हरच्या आतला इफ.

दौत_टाक:
मराठीच्या बाई चुकीचं बोलल्या नाहीत हे आधी नोंदवतो. शाळेच्या व्याकरणात संकेतबोधक उभयान्वयी अव्ययांच्या यादीत जर-तर, जरी-तरी, म्हणजे, की ही सगळी एकाच ओळीत बसतात. “पाऊस पडला की हवा गार होते”, यात पडणं हा संकेत आणि गार होणं हा परिणाम. व्याकरणाला दोन वाक्यं कशाने जोडली एवढंच सांगायचं असतं, तपास एकदा करायचा की सतत, हा त्याचा प्रश्नच नाही.

आणि मुलं अजून एक विचारतील म्हणून सांगतो, ‘आला तर’ मधला ‘आला’ भूतकाळी दिसतो पण भूतकाळ नाही. उद्याच्या पावसाबद्दलही आपण ‘आला तर’च म्हणतो. न झालेल्या गोष्टीला ‘आला असता तर’ म्हणतो, तो संकेतार्थ. आपल्या क्रियापदात इतक्या छटा आहेत, त्या कोडिंगच्या तासाला कामाला येतायत हे वाचून खरंच आनंद झाला.

बांयकडेन:
कोकणीतून बघा, लगेच सुटतं. आमच्या घरी ‘की’साठी वेगळाच प्रत्यय आहे. “पोदेर येतकच चार उंडे घे” म्हणजे आल्याबरोबर. “पोदेर आयल्यार चार उंडे घे” म्हणजे आला तर. दोन वेगळ्या वस्तू, गोंधळ नाही. उलट तुमच्या मराठीत ‘आल्यावर’ म्हणजे आल्यानंतर, आणि आमचं ‘आयल्यार’ ऐकायला तसंच पण अर्थ ‘आला तर’. फळा_खडूबाय, तुमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या घरी कोकणीच असणार, तेव्हा ‘काठाला लागल्यावर’ असं चुकूनसुद्धा म्हणू नका, त्यांच्या कानाला ते ‘लागल्यार’ लागेल.

सत्तरीचो:
ही ‘आल्यावर’ आणि ‘आयल्यार’ची गंमत कधी लक्षातच आली नव्हती! माझा अंदाज, दोन्हींत तो ‘वर’च आहे, जसं आम्ही मेजार म्हणतो म्हणजे मेजावर. एकाने त्याचा ‘नंतर’ केला, दुसऱ्याने ‘जर’ केला.

शुद्धमती:
मूळ मुद्दा सगळे विसरताय. मराठी शाळेत इफ, फॉरेव्हर, ब्लॉक हे शब्द का? ‘सशर्त विधान’ हा चांगला शब्द आहे, तो मुलांना पहिल्या दिवसापासून द्या. बीजगणितात आपण समीकरण म्हणतो, इक्वेशन म्हणत नाही, आणि कोणाचंही अडलं नाही. मुलं अवघड शब्द पचवतात, मोठ्यांनाच ते जड जातात.

मांडवी_काठ:
समीकरण पटतं, सशर्त विधान नाही. एकतर ‘शर्त’ अरबी, त्याला ‘स’ लावून संस्कृत केलाय, तेव्हा शुद्धतेच्या नावाने त्याचा आग्रह नको.

शुद्धमती:
अरबी असला तरी तो शेकडो वर्षं मराठीत राहिलाय, इफ परवा आला. मी शब्दाचं मूळ बघत नाही, तो इथे मुरला का ते बघते. शर्त नको तर अट घ्या, ‘अटीचं विधान’.

तर्कट_नव्हे_तर्क:
मी उच्च माध्यमिकला तर्कशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. माझा आक्षेप ‘विधान’ शब्दाला आहे. विधान म्हणजे जे खरं किंवा खोटं असू शकतं ते. “जर पाऊस पडला तर अंगण भिजतं” हे विधान, त्यात पूर्वांग आणि उत्तरांग, आणि आमच्या शास्त्रात पूर्वांग खोटं असेल तर अख्खं विधान खरं मानतात. मुलांचं डोकं तिथेच फिरतं. पण प्रोग्राममधला इफ काही सांगत नाही, तो काम लावतो. अट खोटी निघाली तर काही न करता पुढच्या ओळीवर जायचं, बस. ते खरंही नाही आणि खोटंही नाही. तेव्हा विधान नको, आज्ञा म्हणा. ‘सशर्त आज्ञा’.

आणि ‘अट’ही मला खटकते. अट कोणीतरी घालतं, दहावी पास पाहिजे ही नोकरीची अट. चेंडू काठाला टेकलाय का, ही काय अट झाली? तो प्रश्न आहे, हो किंवा नाही उत्तराचा. ‘कसोटी’ म्हणा फार तर.

फळा_खडू:
‘प्रश्न’ फार आवडलं सर. स्क्रॅचमध्ये ती जागा षटकोनी असते आणि तिथे षटकोनी ठोकळाच बसतो, टेकण्याच्या त्या ठोकळ्यावर इंग्रजीत शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा आहे. मी इतके दिवस त्याला अट अट म्हणत होते.

जुना_बेसिकवाला:
थोडी भर घालतो. आम्ही बेसिक ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकलो तेव्हा ‘इफ अमुक देन तमुक’ लिहायचो. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात बेसिक पहिल्यांदा आली तेव्हा त्यात एल्स, म्हणजे ‘नसेल तर’, नव्हतंच, देनच्या पुढे फक्त ओळीचा नंबर लिहायचा, उत्तर हो आलं तर त्या ओळीवर उडी, नाही आलं तर खालची ओळ. त्याच्याही आधी १९५७ च्या फोरट्रान या भाषेत इफला तीन वाटा होत्या, आकडा ऋण असेल तर इकडे, शून्य असेल तर तिकडे, धन असेल तर तिसरीकडे. म्हणजे ‘हो की नाही’ असा प्रश्नसुद्धा नव्हता तो.

मला मजा वाटते ती वेगळीच. इंग्रजीत इफ लागतोच, देन गाळला तरी चालतं. आपलं बरोब्बर उलटं. “पाऊस असेल तर छत्री घे” यात जर नाही आणि कोणाला त्याची आठवणही येत नाही, पण “जर पाऊस असेल छत्री घे” म्हणून बघा, लंगडं वाटतं. आपलं सगळं वजन ‘तर’वर. पायथन या आजच्या भाषेत देन नाही, पण अटीच्या शेवटी कोलन (:) आहे आणि मुलं तो हटकून विसरतात. मी माझ्या नातीला सांगितलं, तो कोलन वाचताना ‘तर’ म्हण. त्या दिवसापासून एकदाही विसरली नाही.

मांडवी_काठ:
कोलन म्हणजे तर! मी हे उद्यापासून वापरणार.

बांयकडेन:
मग एल्सला काय म्हणणार? नाहीतर म्हणाल तर पंचाईत आहे. “चहा घे नाहीतर कॉफी घे” यात नाहीतर म्हणजे किंवा. “अभ्यास कर नाहीतर मार खाशील” यात धमकी. आमचं ‘ना जाल्यार’ तरी निदान ‘नसेल तर’ असं उघड दिसतं.

दौत_टाक:
नाहीतरचं पोट फोडून बघा, नाही + तर. वरच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, ‘तर’ हे कर. याहून चांगला एल्स कुठे मिळणार? ‘किंवा’ हा अर्थ नंतर चिकटलेला. तरीही नको असेल तर जुन्या पत्रव्यवहारातला ‘नपेक्षा’ आहे. “सत्वर निघून यावे, नपेक्षा काम नासेल.”

शुद्धमती:
नपेक्षा आज कोणाला कळेल? ‘अन्यथा’ घ्या.

दौत_टाक:
म्हणजे मुरलेला शब्द हवा असं तुम्हीच म्हणाला होतात, आणि मुरलेला दिला तर तो जुना होतो.

सत्तरीचो:
नपेक्षा म्हणजे ‘न अपेक्षा’ की ‘नाहीपेक्षा’? आमची आजी “नायपेक्षा” म्हणायची असं आठवतं.

दौत_टाक:
मी ‘न अपेक्षा’ धरतो.

तर्कट_नव्हे_तर्क:
मला ‘पेक्षा’च वाटतो, हे नसण्यापेक्षा ते, या अर्थी. आणि ‘एरवी’ का विसरता सगळे? ज्ञानेश्वरीत ‘एऱ्हवीं’ पानोपानी येतो. बाकीच्या सगळ्या शक्यता तपासून झाल्या, एकही जुळली नाही, तर एरवी हे. शेवटच्या एल्सला यासारखा शब्द नाही.

मांडवी_काठ:
एरवीत ‘सहसा’ येतो सर. “एरवी तो लवकर उठतो.” एल्स सहसा घडतो असं काही नाही.

कचेरीतला:
तीस वर्षं सरकारी कागद लिहिले म्हणून सांगतो, आमचं सगळं ‘-ल्यास’वर चालतं. अर्ज मुदतीत न आल्यास, कागदपत्रं अपुरी असल्यास. जर नाही, तर नाही, एका शब्दात काम. पण माझा अनुभव, भांडण जर-तरवरून कधी झालंच नाही, झालं ते आकड्यावरून. “१८ वर्षांवरील” लिहिलं की अठरा पूर्ण झालेला येतो आणि म्हणतो मी बसतो, खिडकीवरचा म्हणतो नाही बसत. तेव्हापासून मी “१८ वर्षं पूर्ण” असंच लिहीत आलो. मुलांना हे आधी शिकवा. “३५च्या वर पास” म्हटलं तर ३५वाला पास का नापास?

फळा_खडू:
अहो, हा तर रोजचा प्रकार! स्क्रॅचमध्ये ‘पेक्षा मोठा’चं चिन्ह आहे, ‘मोठा किंवा बरोबर’साठी एकच असं चिन्हच नाही. मुलं ३५पेक्षा मोठा लावतात आणि नेमका ३५वाला नापास. मग मी ३४पेक्षा मोठा लावायला सांगते, गुण पूर्णांकात आहेत तोवर चालतं, साडेचौतीस आला की परत तेच. शेवटी तीन ठोकळे जोडून ‘मोठा किंवा बरोबर’ करायला शिकवलं.

जुना_बेसिकवाला:
‘निदान ३५’ म्हणा. निदानमध्ये ३५ येतो, यावर वाद होणार नाही.

शुद्धमती:
‘किमान’ म्हणा, निदान डॉक्टर करतात.

फळा_खडू:
काल तास झाला, ते सांगते. फळ्यावर लिहिलं, “चेंडू आत्ता काठाला टेकलेला आहे का? असेल तर रंग बदल.” त्याच मुलाला उठवून वाचायला लावलं. त्याने वाचलं, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “टीचर, मग हा प्रश्न परत परत विचारायला पायजे.” आपणच फॉरेव्हर ओढून आणला आणि इफ त्याच्या पोटात टाकला. मला फार बरं वाटलं.

मग एल्स आला. मी विचारलं, नसेल तर काय, याला एक शब्द सांगा. मागून दोघं म्हणाले नायतर, आणि तो म्हणाला, “आमगेर ‘ना जाल्यार’ म्हणटात, बरयूं?” मी लिहू दिलं. दुपारी मराठीच्या बाईंनी फळा बघितला आणि त्या बऱ्याच नाराज झाल्या, मराठी शाळेच्या फळ्यावर कोकणी कशाला म्हणून. तेव्हापासून बोलल्या नाहीयत माझ्याशी. मी तो शब्द पुसलेला नाही अजून.

बांयकडेन:
पुसू नका.

शुद्धमती:
मी त्या बाईंच्या बाजूची आहे, पण कोकणीवरून इथे वाद नको, त्याला वेगळा धागा काढा. एल्सला ‘अन्यथा’ लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता.

दौत_टाक:
नपेक्षाचं सापडलं का कोणाला काही? घरच्या जुन्या कागदांत असेल तर ओळ इथे टाका, पुढचामागचा मजकूर धरून.