खिलारावरचं पुस्तक छापून तयार आहे, ते गोठ्यापर्यंत कसं न्यावं?

माणदेशी_पशुवैद्य

नमस्कार मंडळी,

मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. नोकरीतली बहुतेक वर्षं सांगोला, आटपाडी, माण, जत या पट्ट्यात गेली. निवृत्तीनंतर खिलार या आपल्या देशी गाय-बैलांच्या जातीवर एक पुस्तक लिहिलं आणि स्वखर्चाने छापलं. २४० पानं, किंमत ३५० रुपये, हजार प्रती. कोसा आणि काजळी हे खिलाराचे प्रकार कसे ओळखायचे, दातांवरून वय कसं काढायचं, आटपाडी महाल आणि म्हसवडकडच्या जनावरांच्या ठेवणीत काय फरक, वळू निवडताना जुनी माणसं काय बघायची, २०२२ च्या लम्पी रोगाच्या साथीत जनावरांचे बाजार बंद पडले तेव्हा गोठ्यांत काय चाललं होतं, हे सगळं त्यात आहे. निम्मं पुस्तक जुन्या पैदासदारांच्या मुलाखतींचं आहे. गायीच्या चार-चार पिढ्या तोंडपाठ सांगणारी ही माणसं. त्यातली काही आता राहिली नाहीत, म्हणून हे पुस्तक त्यांच्या भागात पोचावं याची मला फार आच आहे.

प्रकाशन समारंभ रीतसर झाला. हॉल भरला होता, पण आलेले बहुतेक नातेवाईक आणि खात्यातले सहकारी. एका वितरकाने ५० टक्के सवलत मागितली, पैसे पुस्तक विकलं गेल्यावर. शहरातल्या दोन दुकानांत प्रती ठेवल्या आहेत, त्या शेतीच्या कप्प्यात अगदी खालच्या फळीवर दिसतात. आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्या पैदासदारांना, गाडीवानांना, नव्याने खिलार पाळू लागलेल्या पोरांना पुस्तक निघालंय हेच माहीत नाही.

धाकटा भाऊ म्हणतो फेसबुकवर पैसे भरून जाहिरात कर. मला त्यातलं कळत नाही आणि मन घेत नाही. ज्यांनी असं एकाच विषयाचं, एकाच मुलखाचं पुस्तक लोकांपर्यंत नेलं आहे, त्यांनी काय केलं ते सांगाल का?

फिरता_ग्रंथविक्रेता

डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी कराडचा. शाळा, संमेलनं, जत्रा, प्रदर्शनं असं पुस्तकं घेऊन फिरण्यातच माझी हयात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा वाचक पुस्तकाच्या दुकानात येत नाही, म्हणून ती खालची फळी मनाला लावून घेऊ नका. तो रविवारी सांगोल्याच्या बाजारात असतो. चैत्रात आणि पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत असतो, मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीच्या जनावरांच्या बाजारात. तुमच्या पुस्तकाची दुकानं ही. मागे हळदीवरचं एक पुस्तक मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका ओळखीच्या अडत दुकानाच्या ओट्यावर ठेवलं होतं. माल घेऊन आलेला शेतकरी सौदा होईपर्यंत तिथेच बसलेला असतो. तो चाळायचा, शेजारच्याला दाखवायचा आणि जाताना घेऊन जायचा. शहरातल्या दुकानांत ते पुस्तक वर्षभर हललं नव्हतं.

बाजारात बसायचं तर कुठे बसायचं याला महत्त्व आहे. दुसऱ्या पुस्तकवाल्याच्या शेजारी बसू नका, साजवाल्याच्या शेजारी बसा. घुंगूरमाळा, म्होरक्या, वेसणी, कासरे, झुली जिथे टांगलेल्या असतात तिथे बैलावर जीव असलेला प्रत्येक माणूस थांबतो. त्या साजवाल्यालाच दहा प्रती द्या आणि प्रत्येक प्रतीमागे पाव किंमत त्याची. वितरकाला निम्मी देण्यापेक्षा हे बरं, कारण हा माणूस गिऱ्हाइकाशी तुमच्या विषयावर बोलतो आणि वर्षभर एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत असतो.

आता मांडणी. पुस्तकांची चळत लावली की लोक लांबूनच जातात. तुम्ही एक मोठा फ्लेक्स करा, त्यावर फक्त दातांचे फोटो. आदत (दुधाचे दात), दुसा (दोन पक्के दात), चौसा (चार), जुळलेला (सगळे आलेले), असे क्रमाने न लावता मिसळून लावा आणि वर एकच ओळ लिहा: ‘वय सांगा’. मी खात्रीने सांगतो, त्या फ्लेक्ससमोर वाद सुरू होईल. प्रत्येकाला आपलं खरं वाटेल. मग तुम्ही उठायचं आणि दातांचं पान उघडून दाखवायचं. त्या पानावरून लोक पुढचं पान उलटतात, तिथे त्यांच्याच तालुक्यातला वळू आणि त्याचा मालक दिसतो. पुढे तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

तुम्ही स्वतः तिथे असणं मात्र हवंच. दोन-चार जण आजारी जनावराचं विचारायला येतील, त्यांना मोकळेपणाने सांगा. वेळ वाया गेला असं समजू नका. बाजारात माणूस आधी माणसावर विश्वास टाकतो, मग वस्तूला हात लावतो.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: पुस्तक विकायच्या आधी ऐकवा. आपल्याकडे हे नवं नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव जाऊन कथाकथन करायचे. ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नसेल अशांनीही त्या कथा ऐकल्या आणि मग नावं विचारत पुस्तकं शोधली. माडगूळकर तर तुमच्याच आटपाडी भागातले. यात्रेत जनावरं घेऊन आलेली माणसं मुक्कामाला असतात. संध्याकाळी वैरण-पाणी झालं की दावणीपाशी गप्पा रंगतात. तिथे एक मुलाखत वाचा, वीस मिनिटांची. प्रस्तावना नको, मान्यवर नकोत, माइक मिळाला तर ठीक. पैदासदार ज्या बोलीत बोलला त्याच बोलीत वाचा. चार पिढ्यांची वंशावळ ऐकताना कोणी तरी मध्येच ‘ती गाय आमच्या आज्ज्याकडनं गेलेली’ म्हणून उठेल. त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या, दुसऱ्या आवृत्तीत तो आला पाहिजे.

तिसरं लहानसं काम. दातांवरून वय आणि वळूची निवड ही दोन प्रकरणं काढून १६ पानांची पुस्तिका छापा आणि २० रुपयांना ठेवा. फुकट वाटू नका, फुकटचा कागद बाजारातच पडतो. पेंडीच्या दुकानांत आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानांत ती ठेवता येईल. मागच्या पानावर मूळ पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि तुमचा नंबर.

फेसबुकच्या जाहिरातीबद्दल तुमच्या मनाशी मी सहमत आहे. तो पैसा पुस्तिकेला आणि फ्लेक्सला घाला.

वाचनालयातल्या_ताई

डॉक्टर, मी एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वरच्या दादांनी बाजाराचं सांगितलं, मी वाचनालयांचं सांगते.

लेखक मंडळी पुस्तक टपालाने भेट पाठवतात, सोबत अभिप्राय कळवा असं पत्र. आम्ही दाखल करतो आणि ते कपाटात जातं. खरेदी व्हायची असेल तर वाचकाने मागणी करावी लागते. आमच्याकडे अनुदानाच्या वेतनेतर भागातूनच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल असं सगळं भागवायचं असतं, त्यामुळे मागणी नोंदलेलं पुस्तक आधी घेतलं जातं. तुमच्या भागातल्या प्रत्येक गावात दोन वाचकांनी मागणीच्या वहीत नाव लिहिलं तरी पुरे. ज्या पैदासदारांच्या मुलाखती आहेत त्यांच्या मुलांना, नातवंडांना सांगा. आपल्या आजोबांवरचं पुस्तक गावच्या वाचनालयात असावं असं कोणाला वाटणार नाही?

तारीख निवडताना २७ फेब्रुवारीच्या मागे लागू नका. मराठी भाषा गौरव दिनाला आम्हाला वक्ते कमी पडत नाहीत. तुम्ही बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आठवड्यात या. आपल्याकडे आषाढातला बेंदूर, सीमेलगतच्या गावांत ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर. म्हणजे महिन्याच्या अंतराने दोन वेळा संधी आहे, आणि मराठवाडा-विदर्भात जायचं ठरवलंत तर श्रावणी अमावस्येचा पोळा आहेच. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनाही बैलांवर मजकूर हवा असतो. ॲग्रोवनसारख्या शेतीच्या दैनिकाला पुस्तक परीक्षणासाठी पाठवण्याऐवजी एका मुलाखतीवरून स्वतंत्र लेख लिहून आधीच पाठवा.

म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, ते तर तुमच्या अंगणातलं. आकाशवाणीच्या सांगली आणि सोलापूर केंद्रांवर शेतीचे कार्यक्रम असतात. गोठ्यात धार काढताना बाया रेडिओ ऐकतात, आणि जनावरांचं निम्म्याहून जास्त त्याच बघतात. तुमच्या मुलाखतींत बाया किती आहेत? असतील तर त्यांचंच प्रकरण रेडिओवर वाचा.

जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटून जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात स्टॉल मिळतो का विचारा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत शेतीविषयक लेखनाला वेगळा विभाग आहे, तिथेही प्रवेशिका जाऊ द्या.

आणि टपालाचं: मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. कुरिअरपेक्षा फार स्वस्त पडतं.

मैदानाचा_आवाज

डॉक्टर, राम राम. मी बैलगाडी शर्यतीच्या मैदानात निवेदन करतो. २०१४ ते २०२१ शर्यती बंद होत्या, तवा आमच्याकडं लोकांनी बैल इकून टाकले. डिसेंबर २०२१ ला कोर्टानं परवानगी दिली, मे २०२३ ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, आणि आता पोरं परत खिलाराकडं वळल्यात. ह्या पोरांना बैल पळवायचा म्हाईत हाय, पैदास म्हाईत न्हाई. तुमचं पुस्तक खरं त्यांच्यासाठी हाय.

मैदान यूट्यूबवर लाइव्ह जातं, लांबलांबची माणसं बघत बसत्यात. दोन गटांच्या मधी आमाला सारखं कायतरी बोलावं लागतं. बैलाची, मालकाची नावं घेऊन घेऊन किती घ्यायची? मला पुस्तक द्या. ‘हा कोसा बघा, ह्याची शिंगं बघा, डॉक्टरांनी पुस्तकात अशी खूण सांगितलीया’ असं मी बोललो की माणूस नंबर मागणारच. माझ्यासारखे निवेदक आमच्या भागात बरेच हायत, त्या सगळ्यांना एक एक प्रत हातात द्या.

अजून एक. शर्यतीच्या आधी बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो, म्हणून पशुवैद्य मैदानात वळखीचा असतो. यात्रा कमिटीला सांगा, फायनलच्या सात गाडीवानांना ढालीबरोबर एक पुस्तक द्या. कमिटी हजारोंची बक्षिसं देते, तिला सात पुस्तकं जड न्हाईत. ढालीचा आन् पुस्तकाचा फोटो त्याच राती शे-पाचशे स्टेटसला लागतो.

माणदेशी_पशुवैद्य

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रश्न मनात घर करून राहिला. मुलाखतींत तीन बाया आहेत. त्यातल्या एकीने नवऱ्यामागे वळू सांभाळला आणि आसपासच्या गावांना पैदास दिली. रेडिओसाठी तिचंच प्रकरण घेतो. निवेदक दादा, तुमच्या पुढच्या मैदानाला प्रती घेऊन येतो.

ग्रंथविक्रेते साहेब, एवढंच विचारायचं आहे: ३५० रुपये बाजारात जड होतील का? आणि साजवाल्याकडे उधारी कशी ठेवायची?

फिरता_ग्रंथविक्रेता

छापील किंमत उतरवू नका. यात्रेत तेवढे ३०० घ्या, सुट्ट्याचा घोळ होत नाही, आणि क्यूआर कोड मोठा छापून टेबलाला चिकटवा. बैलाच्या गळ्यातल्या माळेला माणूस याहून जास्त मोजतो, त्याला ३०० जड नाहीत. पुस्तक त्याच्या कामाचं आहे हे त्याला दिसलं पाहिजे, एवढंच.

साजवाल्याला पहिल्या दहा प्रती उधार द्या, त्या संपल्या की पैसे घेऊन पुढच्या दहा. बिल साध्या डुप्लिकेट बुकात करा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तेव्हा त्या बाबतीत तो बिचकला तर समजावून सांगा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि दावणीला काय आहे हे एका वहीत त्याला लिहायला लावा. ती वही तुम्हाला विक्रीच्या पैशापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

खरसुंडीला पौषात येणार असाल तर कळवा. माझी गाडी त्या यात्रेला जातेच. टेबल, ताडपत्री आणि बल्ब माझ्याकडे आहेत. दातांचा फ्लेक्स तेवढा तुम्ही करून आणा, आणि फोटो मोठे घ्या, लांबून दिसले पाहिजेत.